भिंतीकडे तोंड करून

एक्क्याऐंशी सालच्या श्रावणात धामणझरीतला एकही माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहत नव्हता. कुणी कुणाचं वाईट केलं होतं असं नाही. डोळ्यांची साथ आली होती. रात्री बरा झोपलेला माणूस सकाळी उठायचा तो पापण्या चिकटलेल्या, डोळे लालभडक, आणि उजेडाशी वैर घेऊन. काही दिवसांत ते आपोआप बरं व्हायचं, पण तोवर घरातल्या सगळ्यांना प्रसाद मिळालेला असायचा.

साथ आमच्यापुरती नव्हती. वर्तमानपत्रात येत होतं की मुंबई-कलकत्त्यापासून पार परदेशापर्यंत लोकांचे डोळे लाल झाले आहेत. धामणझरी, तालुका समुद्रपूर, एरवी कुठल्याच बातमीत बसत नाही. या वेळी ती साऱ्या जगाबरोबर होती, आणि गावाला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

नागपंचमी झाली आणि ग्रामपंचायतीनं माझी शाळा बंद केली. ते मला पटलं. अर्धा वर्ग डोळे चोळत बसलेला, उरलेला अर्धा चोळायला लागायच्या बेतात. जोडीचे शिक्षक डोळे घेऊन आपल्या गावी आर्वीला गेले ते गेलेच. पण पुढं लेकरांचे डोळे निवळले. पांढरेशुभ्र झाले. तेव्हा मी सरपंच वासुदेवरावांकडे गेलो आणि विचारलं, शाळा कधी उघडायची?

बंद करायला पंचायतीला एक कप चहा पुरला होता. उघडायला समिती लागली. तिचं नाव ‘शाळा सुरक्षित उघडणे समिती’. अध्यक्ष स्वतः वासुदेवराव. सभासद दोन. एक रूपराव, पिठाच्या चक्कीचे मालक. चक्कीवर थांबलेल्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही, त्यामुळे रूपरावांचं बोलणं सबंध गावानं ऐकलेलं असे आणि ते स्वतःला डॉक्टर समजत. दुसऱ्या अनुसयाबाई, गावातल्या निम्म्या बाळंतपणांना हजर असलेल्या, मायाळू आणि हट्टी. मला बैठकीला बोलावलं होतं, पण सभासद म्हणून नाही. समितीच्या मते शाळेचा विषय असल्यामुळे मास्तरनं मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

त्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भैयाजी माझ्याकडे आला. वासुदेवरावांच्या वावरात रोजानं जाणारा माणूस, कमी बोलणारा. त्याची जयवंता माझ्याकडे चौथीत होती. भागाकार केला की उलटा गुणून पाहणारी मुलगी. मी सांगितलं म्हणून नाही, तिचा स्वतःच्याच उत्तरावर विश्वास बसायचा नाही म्हणून. अशी लेकरं मास्तरच्या नशिबी फार येत नाहीत. भैयाजीच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक कोनाडा होता, त्यात तिची पाटी ठेवलेली असे.

“गुरुजी, शाळा कवा उघडते?” तो उंबऱ्यावरच बसला.

“समिती ठरवेल. का रे?”

“मायी बहीण येऊन राह्यली हिंगणघाटहून. आनंदाबाई. तिच्या सुनेले लेकरू झालं. सून दवाखान्यात कामाले जाते, बहीण सोता मजुरीले, लेकराजवळ कोणी नाई. म्हणते, जयवंता घरीच बसून हाये त दे माह्यासंग.”

“तू काय म्हणालास?”

“शाळा चालू असती त तोंडावर नाई म्हटलं असतं, जी. पण बंद शाळेच्या भरवशावर सख्ख्या बहिणीले कसं नाई म्हणू?”

पोर सांभाळायला गेलेली मुलगी पोर चालायला लागलं की परत येते असं म्हणतात. मी इतक्या मुली जाताना पाहिल्या. पहिलं पोर चालायला लागेपर्यंत दुसरं आलेलं असतं.

“कधी येते आनंदाबाई?”

“तान्ह्या पोळ्याले. लेकराइले लाकडाचे बैल घेऊन येतो म्हणते.”

“तोवर शाळा उघडवतो,” मी म्हणालो. आणि म्हणून टाकल्यावर मला भीती वाटली, कारण शाळा उघडणं माझ्या हातात नव्हतं.

बैठक पंचायतीच्या ओसरीवर भरली. रूपरावांनी आल्या आल्या रोगाचं मूळ सांगून टाकलं.

“हा रोग नजरेनं लागते. आजाऱ्यानं पाह्यलं, तुमी त्याच्याकडं पाह्यलं, झालं. मी आमच्या सोयऱ्याच्या डोळ्यात पाह्यलं आन् दुसऱ्याच दिवशी माहे डोळे आले.”

मी हळूच विचारलं, “सोयऱ्यांनी तुमच्या दुपट्ट्याला तोंड पुसलं होतं, असं चक्कीवर सांगत होता ना?”

“मंग? सोयरा हाये तो! त्याले काय चिंधी देऊ?”

मी समुद्रपूरच्या दवाखान्यात जाऊन विचारून आलो होतो, ते सांगायला सुरुवात केली. हा रोग हाताला लागतो, हातानं फडक्याला लागतो, फडक्यानं दुसऱ्याच्या डोळ्याला लागतो. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, एकमेकांचं काजळ घालू नका. लेकरं पाटी थुंकी लावून पुसतात आणि त्याच हातानं डोळा चोळतात. प्रत्येकाला आपापली चिंधी देऊ, हातावर पाणी मी ओतीन, लाल डोळ्याचं लेकरू दिसलं की घरी पाठवीन.

सगळ्यांनी अगदी आदरानं ऐकून घेतलं. आमच्या गावात मास्तरचं बोलणं कुणी मध्येच तोडत नाही. संपेपर्यंत थांबतात आणि मग जे चाललं होतं तेच पुढं चालू करतात.

“त मुद्दा नजरेचा हाये,” वासुदेवराव म्हणाले. “शाळेत लेकरं एकमेकाइकडं पाहतेत. हा खरा धोका.”

“बाजारात पाहत नाहीत का?” मी विचारलं.

“बाजारात मालाकडं पाहतेत.”

“आणि तान्ह्या पोळ्याला? सारं गाव एका जागी येतं. लेकरं अंगाला अंग लावून उभी असतात.”

“तिथं बैलाकडं पाहतेत, गुरुजी,” रूपराव मला समजावून सांगू लागले, मोठ्या ममतेनं, जसं मी पहिलीतल्या पोराला समजावतो तसं. “एकमेकाइकडं थोडी पाहतेत! शाळेत पाह्याले दुसरं हायेच काय?”

“आन् घाई कायची हाये?” वासुदेवराव म्हणाले. “लेकरं काही रिकामी नाई बसून राह्यली.”

हे मात्र खरं होतं. लेकरं वासुदेवरावांच्याच कपाशीत निंदत होती. शेताच्या धुऱ्यावर पाण्याचा एकच मटका, त्यावर एकच गिलास, आणि घाम पुसायला बाभळीला टांगलेलं एकच फडकं. पण निंदणारी लेकरं गवताकडे पाहत असल्यामुळे समितीला तिथं धोका दिसला नाही.

मी म्हटलं, “बरं. नजरेचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तसं मी करतो. पण तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडू द्या.”

माझ्या या नम्रपणामुळे समितीला फार हुरूप आला. ठराव तिथंच झाला: ‘शाळेत कोणीही कोणाच्या डोळ्यांकडे पाहणार नाही, व कोणालाही आपल्या डोळ्यांकडे पाहू देणार नाही. यास्तव विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून बसतील.’ वासुदेवरावांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज भरून आला. “तालुक्यात असा ठराव कोणी केला नसंल,” ते म्हणाले, आणि ते शब्दशः खरं होतं.

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. भिंतीकडे तोंड करून पाढे येत नाहीत असं कुठं आहे? फळा पुढच्या भिंतीला होता. मी ठरवलं, मागच्या चुन्याच्या भिंतीवर सकाळीच कोळशानं गणितं लिहून ठेवायची आणि लेकरांच्या पाठीमागं उभं राहून शिकवायचं. लेकरांच्या पाठी मला माहीत होत्याच. कोण जागं आहे आणि कोण पेंगतंय, हे पाठीवरूनही कळतं.

एवढ्यानं भागलं असतं तर ती समिती कसली! आठवड्यानं दुसरी अट आली. मास्तरनं शिकवताना काळा चष्मा घालावा. माझ्याकडे काळा चष्मा कुठला? वासुदेवराव म्हणाले, “पंचायतीचा हाये ना.”

पंचायतीचा काळा चष्मा ही साथीतली आमची मोठी सुधारणा होती. साथ आल्या आल्या वासुदेवरावांनी वर्ध्याहून तो आणवला होता, गावाच्या सोयीसाठी. ज्याचे डोळे आले असतील आणि बाहेरगावी जायचं असेल, त्यानं पंचायतीतून न्यायचा, काम झालं की आणून द्यायचा. त्यामुळे तो सदैव कुणाच्या तरी लाल डोळ्यांवर असे. बाजाराच्या दिवशी त्यासाठी रांग लागे, आणि बरे झालेले लोकही ऐट म्हणून लावून पाहत. आमच्या गावात साथ इतके दिवस का रेंगाळली, याचं कारण परदेशात शोधायची गरज नव्हती.

मी चष्मा घेतला, साबणाच्या उकळत्या पाण्यात घातला, आणि त्याची एक काडी वितळून वाकडी झाली. मग कुणी तो मागेना. ती अट तशीच मिटली आणि बहुधा त्यानंच गावाचं खूप भलं झालं, पण वासुदेवराव माझ्याशी थोडे घुश्शात राहिले. “सरकारी वस्तू हाये गुरुजी, शिजवाची नसते,” ते म्हणाले.

तिसरी अट सगळ्यांत मोठी होती. शाळा अशीच कशी उघडायची? पंचायत समितीचे सभापती बापूजी यांच्या हस्तेच उघडायची. त्यांना वेळ होता तो नेमका तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मला बरंच वाटलं. पण त्या समारंभात काय काय आहे, ते आदल्या दिवशी कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरला होता. लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन मारुतीसमोर उभी होती. झुली, बाशिंगं, कुणाच्या बैलाच्या गळ्यात आईच्या गळसरीतले मणी. जयवंताजवळ हिंगणघाटहून आलेला नवा, तेल लावून चकचकीत केलेला बैल होता. पण ती बैलाकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्यामागं एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई उभी होती.

“तुमीच का गुरुजी? मी आनंदाबाई. भाऊ म्हणते उद्या शाळा उघडते.”

“उघडते.”

“उघडते का फक्त हार घालते? आमच्या हिंगणघाटले पाह्यलं मी. पाहुण्याइनं शाळा उघडली, फोटो काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोट्ट्याइचे डोळे आले न् बंद. मी सोमवारच्या गाडीनं जातो. तोवर शाळा टिकली आन् पोरीचे डोळे पांढरे राह्यले, त मी एकटी जाईन. नाई त पोरगी माह्यासंग. माह्या घरी लेकरू रडून राह्यलं, गुरुजी. मी काय खोटं बोलतो?”

खोटं ती बोलत नव्हती. तिच्या घरी खरंच लेकरू रडत होतं. हेच अवघड होतं.

तेवढ्यात अनुसयाबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या हातात पितळेची मोठी काजळाची डबी होती. “गुरुजी, उद्या लेकराइच्या डोळ्यात मी माह्या हातानं काजळ घालन. एरंडाच्या तेलाचं हाये, भीमसेनी कापूर घातला. समितीनं पास केलं. मंग पाहू साथ कशी येते त!”

एक डबी, एक बोट आणि सगळ्या शाळेचे डोळे.

“अनुसयाबाई, प्रत्येक लेकराला वेगळी काडी घेतली तर?”

“काडी?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. “लेकराइच्या डोळ्यात काडी घालता? काजळ बोटानं घालतेत, मायच्या बोटानं. तुमच्या मायनं काय काडीनं घातलं होतं?”

“मग आपापल्या घरून घालून येऊ द्या.”

“म्हंजे माह्या हाताले काही लागलं हाये, असं म्हणता तुमी?”

तसंच म्हणत होतो, पण ते म्हणता येत नव्हतं. वासुदेवराव मागंच उभे होते. “गुरुजी, अनुसयाबाई नाराज त समिती नाराज. आन् समिती नाराज त उद्या बापूजी आले काय न् नाई आले काय.”

घरी आलो. दोन्हीकडून शाळा जात होती. काजळ नको म्हटलं तर उद्याच उघडत नव्हती. हो म्हटलं तर उघडून सोमवारच्या आत बंद होत होती. जेवणात लक्ष लागलं नाही. सकाळी उठून शाळा झाडली, मागच्या भिंतीवर कोळशानं भागाकार लिहिले, आणि लेकरांना ठरावाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसवलं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून ठराव पाठ करून घेतला. सभापतींसमोर म्हणून दाखवायला काहीतरी हवंच असतं.

बापूजी जीपमधून उतरले ते काळा चष्मा लावून. त्यांचा स्वतःचा होता, सोनेरी काड्यांचा. दाराशी रांगोळी, नारळ, हार. भैयाजी आणि आनंदाबाई खिडकीजवळ उभे राहिले. बापूजी आत आले आणि थबकले. समोर साऱ्या शाळेच्या पाठी होत्या.

“हे काय आहे?” ते म्हणाले.

“ठराव हाये साहेब,” वासुदेवराव छाती काढून म्हणाले. “नजरेचा बंदोबस्त. साऱ्या तालुक्यात पहिला.”

“वा!” बापूजी म्हणाले. राजकारणात असल्यामुळे लोकांच्या पाठी पाहायची त्यांना सवय असावी. ते लगेच सावरले.

अनुसयाबाई डबी घेऊन पुढं आल्या. “आधी पाहुणे,” त्या म्हणाल्या. बापूजी नको नको म्हणाले, पण अनुसयाबाईंपुढं नको चालत नाही. त्यांनी चष्मा काढला.

आत डोळे टोमॅटोसारखे लाल होते. दोन्ही.

“रात्रीचा प्रवास,” बापूजी म्हणाले. “जागरण.”

पाहुण्याच्या डोळ्यांबद्दल बोलायची रीत नाही. अनुसयाबाईंनी बोट डबीत बुडवलं, बापूजींच्या एका डोळ्यात ओढलं, पुन्हा बुडवलं, दुसऱ्या डोळ्यात ओढलं. मग वासुदेवराव पुढं झाले, अध्यक्ष म्हणून. मग रूपराव. मग अनुसयाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांना लावलं आणि त्या लेकरांकडे वळल्या. दाराकडून पहिली जयवंता होती.

“वळ बाई इकडं. डोळे मोठे कर.”

जयवंताची पाठ ताठ झाली. मी सांगितलं ना, मला पाठी कळतात. तिनं मान किंचित माझ्या बाजूला केली, वळली मात्र नाही. खिडकीतून आनंदाबाई पाहत होती. आणि त्या क्षणी मला समितीची थोरवी कळली.

“जयवंता,” मी म्हणालो, “ठराव काय आहे?”

ती भिंतीकडे तोंड करून, खणखणीत, एकही शब्द न चुकता म्हणाली, “शाळेत कोणीही कोणाच्या डोळ्यांकडे पाहणार नाही, व कोणालाही आपल्या डोळ्यांकडे पाहू देणार नाही.”

“सगळे!” मी म्हणालो.

साऱ्या शाळेनं भिंतीला ठराव ऐकवला. चुना पडायचा बाकी राहिला.

अनुसयाबाईंचं बोट हवेतच थांबलं. “अहो, पण काजळ...”

“काजळ घालायचं तर डोळ्यात पाहावं लागेल,” मी म्हणालो. “मी माझ्या मनानं परवानगी कशी देऊ? अध्यक्षांनी इथंच ठराव मोडला तर गोष्ट वेगळी.”

सगळ्यांनी वासुदेवरावांकडे पाहिलं. वासुदेवरावांनी बापूजींकडे पाहिलं. साऱ्या तालुक्यात पहिला ठराव, पाहुण्यादेखत, पाऊण तासही टिकत नाही! त्यांच्या काजळ भरलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते काजळाचं की दुःखाचं कोण जाणे.

“ठराव तो ठराव,” ते शेवटी म्हणाले. “अनुसयाबाई, ठेवा डबी.”

“शिस्त!” बापूजी म्हणाले आणि त्यांनी पाठींसमोर भाषण केलं. पुढची पिढी कशी उद्याच्या भारताकडे डोळे लावून बसली आहे, हे त्यांनी सांगितलं. उद्याचा भारत त्या वेळी भागाकारांनी भरलेला होता. मग नारळ फुटला, जीप गेली. लेकरांच्या हातावर मी एकेक करून पाणी ओतलं, आपापली चिंधी दिली, आणि शाळा उघडली.

शनिवारी सकाळी रूपरावांची चक्की बंद होती. दुपारी कळलं की अनुसयाबाई अंधाऱ्या खोलीत झोपून आहेत. संध्याकाळी वासुदेवरावांचं बोलावणं आलं. डोळ्यांवर ओला पंचा ठेवून ते बाजेवर पडले होते.

“गुरुजी, साथ पुन्हा आली. शाळा बंद करा.”

“लेकरांपैकी कुणालाच नाही आली.”

“मले आली ना! अध्यक्षाले आली म्हंजे गावाले आली. बंद करा.”

“करतो,” मी म्हणालो. “पण समितीनं उघडलेली शाळा समितीनंच बंद करायला हवी. बैठक घ्या, ठराव द्या.”

“बोलवा रूपरावले.”

“ते डोळे उघडत नाहीत.”

“अनुसयाबाई?”

“त्याही.”

वासुदेवरावांनी पंचा डोळ्यांवर घट्ट दाबला. पंच्यातून पाणी गळत होतं. “आता बैठक भरंल कशी, गुरुजी?”

“डोळे बरे झाले की तिघंही शाळेत या,” मी म्हणालो. “मी दार उघडंच ठेवतो. आणि तो पंचा कुणाला देऊ नका.”

घरी जाताना मी अनुसयाबाईंकडे डोकावलो. त्यांना गुलाबपाण्याची नवी बाटली दिली, वेगळी, त्यांच्या एकट्यांसाठी. त्या अंधारातून म्हणाल्या, “गुरुजी, माह्या काजळानं पहिल्यांदा असं झालं.” मी म्हटलं, “काजळ चांगलं आहे, बाई. पाहुणे जागरण करून आले होते.” त्यांना ते पटलं. मलाही अर्धं पटलं.

सोमवारी मी लवकर शाळेत गेलो. लेकरं आली. ठराव अजून कुणी मोडलेला नव्हता, म्हणून आली तशी भिंतीकडे तोंड करून बसली. एका मुलाचे डोळे किंचित लाल वाटले. त्याला उजेडात नेऊन पाहिलं तर रडल्याचे होते, बैलाचा पाय मोडला होता. मी पाणी ओतत होतो तेव्हा आनंदाबाई आली, खांद्यावर पिशवी, मागं भैयाजी. तिनं कुणाला काही विचारलं नाही. सरळ आत आली, पदर हाताला गुंडाळला, त्या पदरानं जयवंताची हनुवटी उचलली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. मग शेजारच्या मुलीच्या. मग त्या ओळीतल्या सगळ्यांच्या.

भैयाजी दाराला धरून उभा होता. मी तांब्या हातात तसाच धरून.

“पांढरे हायेत,” आनंदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. हिंगणघाटला लेकरू रडत होतं ना. “आता तठी लेकराले मीच पाहीन. सुनेची पाळी बदलून घ्या म्हणतो दवाखान्यात.” मग ती भावाकडे वळली. “काय पाहून राह्यला? गाडी चुकवतो का मायी?”

भैयाजीनं तिची पिशवी घेतली. दारात ती थांबली.

“गुरुजी, एक सांगा. हे लेकरं भिंतीकडं तोंड करून काऊन बसले?”

“ठराव आहे.”

“कोणाचा?”

“समितीचा.”

“कुठी हाये समिती?”

“तिचे डोळे आले.”

“मंग फिरवा ना लेकराइले, बाप्पा!” ती म्हणाली आणि निघून गेली. बाहेरून तिचा आवाज ऐकू येत होता, भैयाजीला काहीतरी सुनावत चालली होती.

मी तांब्या खाली ठेवला. खरंच, मला हे आधी सुचायला हवं होतं. पण इतक्या बैठकांनंतर माणसाला सरळ गोष्ट सुचत नाही.

“फिरा रे,” मी म्हणालो.

कुणी हललं नाही. ठराव पाठ होता. मग जयवंता बसल्या जागी हळूहळू वळली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाठोपाठ एकेक करत सगळी शाळा वळली. साऱ्या श्रावणात मी त्यांचे चेहरे असे पाहिले नव्हते. मला काय शिकवायचं होतं ते क्षणभर आठवेना.

जयवंतानं हात वर केला.

“गुरुजी, भागाकार त भिंतीवरच राह्यले.”

“मग?”

“तिसऱ्याचं उत्तर तुमी चुकवलं. मी गुणून पाह्यलं.”

मी भिंतीकडे पाहिलं. तिसरं खरंच चुकलं होतं. मी कोळसा उचलला आणि तिच्या हातात दिला.